दोन लाकडांची गुराब

जबलपूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. अशा गावात राहणाऱ्या माणसाने घराच्या ओसरीवर बसून कित्येक वर्षे एका लढाऊ नौकेची लाकडी प्रतिकृती घडवीत राहावे, याचे लोकांना नवल वाटते. 'हे काम अलिबागच्या किंवा मालवणच्या माणसाला शोभले असते,' असे एका स्नेह्यांनी मला ऐकवलेही आहे. त्यांचे म्हणणे मला पटत नाही. आमची नर्मदा पश्चिमेकडे वाहत जाऊन भडोचच्या पुढे समुद्राला मिळते. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत भडोच बंदरातून इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या मालाची नोंद आहे आणि तीत सागवानाचा उल्लेख आहे. सागाच्या रानाचे आणि समुद्राचे नाते असे दोन हजार वर्षांचे आहे. रानाच्या बाजूला राहणाऱ्या एखाद्याने त्या नात्याची चौकशी केली, तर त्यात विचित्र असे काही नाही.

तथापि, माझ्या हौसेचे समर्थन करण्यासाठी हा लेख मी लिहीत नाही. ऐतिहासिक नौकेची प्रतिकृती कशी असावी, याविषयी माझे एक निश्चित मत झाले आहे आणि ते अनेकांना रुचत नाही. माझ्या मते प्रतिकृती ही एक साक्ष असते. प्रत्येक फळी बसविताना कारागीर 'हे असे होते' असे पाहणाऱ्याला सांगत असतो. त्यातले कोणते आपल्याला खरोखर माहीत आहे आणि कोणते आपण कल्पनेने भरून काढले आहे, हे पाहणाऱ्याला कळावयास हवे. ते कळण्याची सोय नसेल, तर प्रतिकृती जितकी सुबक तितकी ती साक्ष अधिक फसवी.

हे शहाणपण मला आरंभापासून होते, असे मात्र नाही. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातील गुराब करावयाची, असे मी ठरविले, तेव्हा माझ्या हाताशी काय होते? लहानपणी दिनदर्शिकांवर पाहिलेली चित्रे, एका दुकानाच्या काचेआड पाहिलेले शोभेचे जहाज आणि भरपूर उत्साह. सागवानाच्या पट्ट्या, पितळी खिळे आणि धुवट कापडाची शिडे घेऊन मी दीड वर्षात नौका उभी केली. तिच्या मागील बाजूस नक्षीदार खिडक्यांचे दोन मजले होते, पोटाला खोल गोलाई होती, दोन्ही कुशींवर तोफांच्या दोन-दोन रांगा होत्या आणि सर्वांत उंच डोलकाठीवर भगवे निशाण होते. गणेशोत्सवात आमच्या मंडळाने ती मांडली. दहा दिवस तिच्यापुढची गर्दी हटली नाही. मुले तोफा मोजत, वडीलधारी मंडळी नमस्कार करीत. इतके कौतुक माझ्या वाट्याला आयुष्यात कधी आले नव्हते. ते मला आवडले नाही, असे म्हणालो तर ते खोटे ठरेल.

उत्सव संपल्यावर मुलांनी हट्ट धरला की, ही नौका पाण्यावर सोडून पाहावी. म्हणून आम्ही ती ग्वारीघाटावर नेली. तेथे एक वयस्क नावाडी आपली नाव डांबर लावून दुरुस्त करीत बसले होते. त्यांनी माझी प्रतिकृती हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि विचारले, "बाबूजी, इतना गहरा पेट लेकर ये किनारे कैसे लगेगी?" ही नदीतली नाव नव्हे, समुद्रातली आहे, असे मी त्यांना काहीशा अभिमानाने सांगितले. ती परत येऊन थांबत कोठे असे, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. मी म्हणालो, खाडीत. ते म्हणाले, "तल तो वहाँ भी होगा." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग मुलांनी नौका पाण्यात सोडली. ती एका कुशीवर कलली आणि तशीच पडून राहिली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असे नाट्यमय काही घडले नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून मी वाचावयास लागलो. हे मी दीड वर्ष आधी करावयास हवे होते.

मराठी आरमाराच्या नौका आज पाहावयास मिळत नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांशी संगनमत करून तुळाजी आंग्रे यांच्या ताब्यातील विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तोफेच्या एका गोळ्याने तेथील एका जहाजाला आग लागली आणि पाहता पाहता ती पसरून आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून गेले. नौका गेल्या, तरी त्या बांधण्याचे आराखडे मागे राहू शकले असते. पण आपल्याकडील कारागीर कागदावर आराखडा काढून काम करीत नसत. नजर, हात आणि दोरीचे माप हाच त्यांचा आराखडा होता. बापाकडून मुलाकडे गेलेली ही विद्या कोणी लिहून ठेवली नाही. ज्यांना लिहिता येत होते त्यांना नौका बांधता येत नव्हती, आणि ज्यांना बांधता येत होती त्यांना कोणी विचारले नाही.

तरीही साक्षी अगदीच नाहीत असे नाही. मला सर्वांत उपयोगी पडले ते रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचे वर्णन. त्याच्या ग्रंथाचा पहिला भाग १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे विजयदुर्ग पडल्यानंतर अवघ्या सात वर्षांनी. तो सांगतो की, गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत भार वाही, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद असे आणि मध्यापासून पुढे निमुळती होत जाई. तिच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, पाण्यावर पुढे आलेली लांब चोच असे आणि ती चोच भक्कम फळ्यांनी झाकलेली असे. चोचीच्या मागे एक आडभिंत. त्या भिंतीतील भोकांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा समोर रोखलेल्या असत आणि त्या चोचीवरून मारा करीत. कुशीवरील तोफा त्याहून हलक्या. आणि एक महत्त्वाची गोष्ट ऑर्म आवर्जून नोंदवतो: गुराबेला फार कमी पाणी लागत असे.

हे वाक्य मी दोनदा वाचले. माझ्या प्रतिकृतीचे खोल पोट मी कोणत्या तरी युरोपीय जहाजाच्या चित्रावरून घेतले होते. ग्वारीघाटावरील नावाड्यांनी ऑर्मचे नावही ऐकलेले नव्हते. ती चूक त्यांना एका दृष्टिक्षेपात दिसली. खाड्यांमध्ये शिरणारी, ओहोटीच्या वेळी चिखलात टेकणारी नौका उथळ बुडाचीच असणार, हे ज्याने आयुष्यभर नाव किनाऱ्याला लावली त्याला सांगावे लागत नाही. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत आत खडक खोदून केलेली आंग्र्यांची गोदी आजही दाखवितात. माझे पहिले जहाज त्या गोदीत शिरूच शकले नसते.

दुसरी साक्ष आपल्याच घरातली. रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराविषयी स्वतंत्र विवेचन आहे. इ. स. १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथात नौका फार मोठ्या नकोत आणि फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, असे सांगितले आहे. वारा नसला की ज्यांचा काही उपयोग नाही अशी अवाढव्य शिबाडे बांधण्याचे कारण नाही, असेही म्हटले आहे. लाकडासंबंधीची आज्ञा तर मला फार मोलाची वाटते. सागवानासारखे लाकूड रानातून परवानगीने तोडावे. परंतु आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण लोकांनी ती वर्षानुवर्षे लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, त्याचे मोल देऊन न्यावे, असा त्याचा आशय आहे. नौकेची प्रत्येक फळी कोठून तरी येते आणि कोणाची तरी असते, याचे भान त्या राज्यकर्त्यांना होते. शोभेचे जहाज करताना मला ते नव्हते. मी बाजारातून तयार पट्ट्या आणल्या होत्या.

अशा रीतीने दुसऱ्या प्रतिकृतीचे काम सुरू झाले. या वेळी मी एकटा नव्हतो. आमच्या गल्लीत राहणारे, दारे-चौकटी करण्यात आयुष्य घालविलेले एक वृद्ध सुतार संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसू लागले. आरंभीच आम्ही एक नियम केला. ज्या भागासाठी लिखित साक्ष आहे, तो भाग सागवानाचा करावयाचा. ज्या भागासाठी केवळ आमचा तर्क आहे, तो हळदूच्या लाकडाचा. हळदूचे झाड आमच्या मध्य भारतातील जंगलांत होते. त्याचे लाकूड पिवळे आणि बारीक पोताचे असते; फण्या आणि कातीव वस्तू करण्यासाठी ते वापरतात. लहान कामाला खरे तर सागवानापेक्षा तेच बरे. सागवान गलबताला उत्तम, कारण त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते पाण्यात टिकते आणि त्यातील लोखंडी खिळे ओकच्या लाकडातल्यासारखे लवकर गंजत नाहीत; पण वीस इंचांच्या नौकेवर त्याच्या रेषा आणि छिद्रे राक्षसी दिसतात. तरीही खऱ्याला सागवान आणि तर्काला हळदू, ही वाटणी आम्ही कायम ठेवली.

एका फुटाला पाव इंच, असे माप धरले. या मापात साडेपाच फुटी खलाशी दीड इंचाहूनही लहान होतो, दोन इंच जाडीची फळी जेमतेम एक मिलिमीटरची उरते आणि नऊ पौंडी तोफेचा गोळा मोहरीच्या दाण्याएवढा होतो. प्रथम नौकेचा कणा, ज्याला दर्यावर्दी पठाण म्हणतात, तो सागवानाचा घेतला. तो सागवानाचा असण्याविषयी शंका नव्हती. पण त्याची लांबी? ऑर्मने भार सांगितला आहे, लांबी नाही. आम्ही ऐंशी फूट हा अंदाज धरला. मग कणा सागवानाचा की हळदूचा? यावर दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी सुतारांनी कण्याचे मधले लाकूड सागवानाचे ठेवून दोन्ही टोके हळदूची जोडली. मला हा तोडगा तेव्हा हास्यास्पद वाटला होता. आज तो संपूर्ण नौकेतील सर्वांत प्रामाणिक सांधा वाटतो.

बरगड्यांवर फळ्या चढवू लागलो, तेव्हा पुस्तकातील एकेका शब्दाचे वजन कळू लागले. 'मध्यापासून पुढे निमुळती' हे मी वाचले होते. परंतु त्याचा अर्थ प्रत्येक फळी मध्यभागी रुंद आणि टोकाकडे अरुंद तासावी लागते, हे मला ठाऊक नव्हते. एकसारख्या रुंदीच्या फळ्या नाळेपाशी एकमेकींवर चढू लागल्या. सुतारांनी रंधा मागितला आणि एक शब्द न बोलता पहिली फळी तासून दिली. सुरत-मुंबईकडील जुने कारागीर फळ्यांच्या कडांना खाच पाडून त्या एकमेकींत बसवीत आणि मधल्या फटीत कापूस व राळ भरीत, असे मी त्यांना वाचून दाखविले. ते हसले. धान्याच्या जुन्या कोठारांची दारे आपणही अशीच करीत होतो, असे ते म्हणाले. चौथीनंतर शाळा सुटलेला हा माणूस माझ्या पुस्तकांतील परिच्छेद रोज असे हातांनी तपासून देत होता. आपल्याकडे लिहिता येणे म्हणजेच ज्ञान, असे धरून चालण्याची जी सवय आहे, तिची मला त्या ओसरीवर अनेकदा लाज वाटली.

नाळेवरच्या तोफांनी आम्हाला सर्वाधिक सतावले. टनाच्या घरातील वजनाच्या दोन तोफा निमुळत्या टोकाकडे ठेवल्या तर नौका पुढे बुडणार नाही का? आम्ही प्रमाणात वजन घेतलेले शिशाचे दोन तुकडे आडभिंतीमागे ठेवले आणि ती घराच्या हौदात सोडली. नाळ खाली गेली. मग बुडाशी, मागच्या बाजूला, नीरम म्हणून वाळूच्या लहान पिशव्या ठेवीत गेलो, तेव्हा कोठे ती सरळ तरंगली. हौदातील प्रतिकृती समुद्रातील गुराबेची सर्व लक्षणे दाखवीत नाही, हे मला मान्य आहे. परंतु वजन कोठे असावयास हवे, हा प्रश्न तरी तिने आमच्यासमोर उभा केला. मग ऑर्मने सांगितलेली लढाईची रीतही उमगली. वारा पडला की गलबते, म्हणजे चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या लहान लढाऊ होड्या, गुराबांना ओढीत नेत आणि शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीला जमत. तेथून गुराबा नाळेवरील तोफांनी आधी त्याच्या डोलकाठ्यांवर मारा करीत. समोर पाहणाऱ्या तोफा ही त्या नौकेची विचित्र लकब नव्हती; सारी लढाईच त्यांच्याभोवती रचलेली होती. माझ्या पहिल्या जहाजाला कुशींवर तोफांच्या दुहेरी रांगा होत्या आणि नाळेवर एकही नव्हती.

नौका पूर्ण झाली, तेव्हा आम्ही दोघे काही वेळ गप्प बसून राहिलो. निम्म्याहून अधिक गुराब पिवळी होती. मागील बाजू जवळजवळ संपूर्ण पिवळी; सुकाणूची मूठ, जिने, खलाशांच्या निजण्याची जागा, सारे पिवळे. दोन डोलकाठ्या, चोच, आडभिंत, तोफा आणि उथळ बूड एवढेच सागवानाचे. गुराबेच्या शिडांचा नेमका आकार माझ्या वाचनात आला नव्हता, म्हणून ती लावलीच नाहीत. आपल्या आरमाराविषयी आपण किती बोलतो आणि किती कमी जाणतो, याचा इतका ढळढळीत हिशेब मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढच्या उत्सवात मंडळाने ती मांडली खरी, पण नाखुशीने. कार्यकर्त्यांनी प्रथम सुचविले की, पिवळे लाकूड रंगवून टाकावे. मी नकार दिला. तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "मुलांसमोर आपल्या अज्ञानाचे प्रदर्शन कशाला? त्यांच्या मनात अभिमान निर्माण होऊ द्या. बारकावे ती मोठी झाल्यावर शिकतील." हा आक्षेप मी उडवून लावू इच्छित नाही. अभिमानाशिवाय इतिहासाकडे कोण वळतो? मी स्वतः दिनदर्शिकेवरच्या खोट्या जहाजाचे बोट धरूनच येथवर आलो. शिवाय पहिल्या प्रतिकृतीपुढे दहा दिवस गर्दी होती आणि दुसरीपुढे दोन दिवसांनंतर फारसे कोणी थांबत नव्हते, हेही खरे आहे.

तरीही माझे म्हणणे मी सोडणार नाही. ज्या जहाजाचा त्या सभासदांना अभिमान वाटत होता, ते आपले नव्हतेच. त्याचे पोट परक्यांचे, खिडक्या परक्यांच्या, तोफांची मांडणी परक्यांची. आपले म्हणावे असे त्यावर एक निशाण तेवढे होते. उथळ बुडाने खाडीत शिरणारी, वारा पडला तरी होड्यांच्या मदतीने पुढे सरकणारी, आपल्याहून मोठ्या जहाजाच्या पिछाडीला लागणारी गुराब ही खरी कोकणातल्या माणसाच्या बुद्धीची निर्मिती. तिच्या जागी युरोपीय जहाज मांडणे म्हणजे आपल्या कारागिरांची बुद्धी पुसून टाकून तिच्यावर भगवे लावणे होय. मग अवमान कोणी केला?

येथे एक सावधगिरी हवी. युरोपीय खूण दिसली की ती खोटीच, असेही समजू नये. शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या आरंभकाळात कल्याण-भिवंडीच्या परिसरात पोर्तुगीज कारागीर काम करीत होते आणि १६५९ मध्ये ते काम सोडून निघून गेले. आंग्र्यांनी पकडलेली इंग्रजी जहाजेही त्यांच्या ताफ्यात होती. दर्यावर विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जातच असते. 'शुद्ध देशी' नौका घडविण्याच्या भरात ही देवघेव लपविणे, हाही फसवेगिरीचाच एक प्रकार आहे.

कागद जपणाऱ्यांचे काय होते, तेही पाहावे. मुंबईच्या गोदीत इंग्रजांच्या आरमारासाठी 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधावयाची होती. तिचे आराखडे घेऊन निघालेले 'जावा' हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकन युद्धनौकेच्या हाती पडून नष्ट झाले. इंग्लंडातून आराखड्यांची दुसरी प्रत आली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानातून ती नौका साकारली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. त्यानंतर दोनच महिन्यांनी आमचे जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले. भोसल्यांचा तो अंमल आता येथे क्वचितच कोणाला आठवतो. 'ट्रिंकोमाली' मात्र इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. तिला घडविणारे हात आपले होते, कागद त्यांचे होते. तिची प्रतिकृती करणाऱ्याला हळदूचे लाकूड फारसे लागणार नाही.

कागद नसतानाही काम कसे करावे, याचे उदाहरण अलीकडे आपल्याच नौदलाने घालून दिले आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत पाचव्या शतकातील एक जहाज रंगविलेले आहे. ते केवळ चित्र. ना माप, ना आराखडा. त्यावरून केरळातील कुशल कारागीर बाबू शंकरन् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून एक पूर्ण आकाराचे शिडाचे जहाज बांधले. चित्रकाराच्या कुंचल्याने जे सांगितले नाही, ते ठरविण्यासाठी मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रतिकृतीवर पाण्यातील चाचण्या झाल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. मला त्या सफरीइतकेच अप्रूप आणखी एका गोष्टीचे वाटते. हे जहाज जसेच्या तसे प्राचीन आहे, असा आव कोणी आणला नाही. हे चित्रावरून बांधलेले आहे, आराखडा उपलब्ध नव्हता, हे बांधणाऱ्यांनी उघडपणे सांगितले. त्याने त्या जहाजाचा मान तसूभरही कमी झाला नाही.

आमच्या उत्सवातील तो तिसरा दिवस मला आठवतो. मंडपात शुकशुकाट होता. सातवी-आठवीतील एक मुलगी गुराबेपुढे बराच वेळ उभी होती. दोन लाकडांचा अर्थ मी तिला समजावून सांगितला. तिने विचारले, "काका, हा पिवळा भाग सागवानाचा कधी होणार?" पहिल्या जहाजापुढे उभे राहून असा प्रश्न कोणी विचारला नव्हता, विचारण्यासारखे तेथे काही शिल्लकच नव्हते. मी तिला सांगितले की, पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील कागदांचे हजारो रुमाल आहेत. त्यांत कोठे एखाद्या सुताराच्या मजुरीचा, लाकडाच्या खरेदीचा किंवा शिडाच्या कापडाचा हिशेब सापडला, तर तेवढा तुकडा बदलता येईल. मोडी शिकता येते का, हा तिचा पुढचा प्रश्न होता. येते, असे मी म्हणालो. ती शिकली की नाही, हे मला माहीत नाही.

पहिली प्रतिकृती मंडळाकडेच आहे. दरवर्षी तीच मांडली जाते आणि तिच्यापुढे गर्दी होते. तिच्यापाशी 'हे काल्पनिक जहाज आहे' एवढी एक पाटी लावावी, अशी विनंती मी केली आहे. ती अद्याप लागलेली नाही. दुसरी माझ्या ओसरीवर, काचेच्या पेटीत आहे. ग्वारीघाटावरील नावाडी एकदा येऊन ती पाहून गेले. त्यांनी ती उलटी केली, बुडावरून बोट फिरवले आणि मान डोलावली. मागील बाजूच्या पिवळ्या लाकडाविषयी मात्र ते म्हणाले की, सुकाणू धरणाऱ्याला येथे उभे राहून पुढचे काहीच दिसणार नाही. तो भाग आम्ही काढला असून सध्या तेथे मोकळी जागा आहे.

एक अडचण आमच्या लक्षात उशिरा आली. हळदूचे लाकूड उजेडात वर्षानुवर्षे राहिले की गडद होत जाते. आताच त्याचा पहिला पिवळेपणा उतरला आहे. आणखी काही वर्षांनी सागवान कोणते आणि हळदू कोणते, हे लांबून पाहणाऱ्याला ओळखू येणार नाही. म्हणून सुतारांनी प्रत्येक हळदूच्या तुकड्याच्या आतल्या बाजूला तापलेल्या सुईने एक बारीक ठिपका उमटवावयास घेतला आहे. काम किचकट आहे. डोळ्यांना ताण पडतो, रोज चार-पाच तुकडेच होतात. ते झाल्यावर गलबत करावयास घेणार आहोत. त्यासाठी हळदूच्या दोन फळ्या माळ्यावर वाळत ठेवल्या आहेत, आणि सागवानाची एक.